कोरियात शिकणाऱ्या मुलीला कुपांग या तिथल्या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवरून झटपट सामान मागवता येतं का?

हो भाऊ, भुसावळहून सोलला गेलेल्या पोरीलाही आरामात येतं, फक्त आधी तिथलं रेसिडेन्स कार्ड आणि स्वतःच्या नावावरचं सिम पाहिजे, कारण व्हेरिफिकेशन त्याच नंबरवर होतं आणि नाव कार्डावर जसंय अगदी तसंच टाकायचं, एक स्पेस जरी चुकली तरी गाडी अडते. मेंबरशिप घेतली की रात्री बाराच्या आत ऑर्डर टाकायची, सकाळी सातच्या आधी भाजी-दूध दारात! पत्त्यासोबत बिल्डिंगच्या मेन गेटचा कोड नक्की भरायला सांगा, पहाटे डिलिव्हरीवाला तोच दाबून आत येतो. भाजी-दूध ज्या थंड ठेवणाऱ्या पिशवीत येतं, ती रिकामी फ्रेश बॅग परत दाराबाहेर ठेवायची. कळण्याच्या भाकरीचं पीठ मात्र घरूनच बांधून द्या, ते तिकडे शोधत बसू नये.