शेरा नेमका कुणासाठी?

मी समुपदेशक. परीक्षा संपून पेपरांचे गठ्ठे घरोघरी पोचले की माझ्याकडे शिक्षकांची ये-जा वाढते. कुणाची झोप उडालेली असते, कुणी घरच्यांवर खेकसत असतं, कुणाला नोकरीच सोडायची असते. थोडं खोदलं की एकच गाऱ्हाणं निघतं : "तपासून तपासून जीव जातो, आणि पालकांचं समाधान काही होत नाही." म्हणून एका शिक्षिकेबद्दल लिहितेय. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाई माध्यमिक शाळेत भाषा शिकवत. चार वर्ग, प्रत्येकात ४० मुलं. एका निबंधाला आठेक मिनिटं लागतात म्हणाल्या, तेव्हा मी तिथेच कागदावर गुणाकार केला. १६० निबंध, १२८० मिनिटं, म्हणजे एकवीस तासांहून जास्त. आणि ही निबंधाची फक्त एक फेरी. वर्गावरचे तास, ऑफ तासाला गळ्यात पडलेलं सुपरव्हिजन, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं वेगळं.

"बघा ना! आणि एवढं करून एका वडिलांचा रात्री दहाला मेसेज. त्याच्या मित्राला साडेसात, मग आमच्याला सातच का? अर्ध्या मार्काचा हिशेब द्या म्हणे."

"दिलात?"

"पाऊण तास टाइप करत बसले होते."

कामाचा बोजा खरा होता, तो काही मनाचा खेळ नव्हता. पण अर्ध्या मार्कासाठी पाऊण तास हा बोजा शाळेने टाकलेला नव्हता. पुढच्या वेळी तपासलेल्या दोन-चार वह्या घेऊन या, नावं झाकून, एवढंच मी सांगितलं.

त्या घेऊन आल्या. दीड पानाचा निबंध, आणि समासात, ओळींच्या मधे, खाली उरलेल्या जागेत, जिकडे बघावं तिकडे लाल अक्षरं. शेवटी लांबलचक शेरा : 'वारंवार सूचना देऊनही शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष. स्वतःची उदाहरणे द्यावीत असे वर्गात दोनदा सांगितले होते.'

"हा शेरा मुलगा वाचतो?"

"छे. मार्क बघतो आणि वही मिटतो."

"मग लिहिलाय कुणासाठी?"

'मुलासाठीच' असं उत्तर ओठांवर आलं होतं, ते मला दिसलं. पण त्यांनी आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. 'दोनदा सांगितले होते' या शब्दांवर बोट थांबलं. अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेवर सल्ला तयार असतो आणि तो गिळण्यातच खरं कसब असतं. मी गिळला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे त्याच्या आईसाठी आहे. उद्या तिने विचारलं तर माझ्याकडे लेखी असावं." मग दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. "सगळीकडे तेच. मी तपासत नाहीये हो, खुलासे लिहितेय."

हे वाक्य मी सुचवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा लाल पेन उचललं असतं. कुणी आरोप करायच्या आधीच त्या १६० घरांपुढे आपली बाजू मांडत होत्या. तपासणीने माणूस दमतो, पण रोजच्या या बचावाने तो पार पिळवटून निघतो.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. प्रसंग आणि आपला त्रास यांच्या मधे आपलीच एखादी समजूत उभी असते, हे त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. माझा रोजचा अनुभव त्याला साक्ष आहे. बाईंची समजूत पुढे त्यांच्याच तोंडून बाहेर आली : एकाही पालकाने माझ्या कामावर बोट ठेवता कामा नये, ठेवलं तर मी शिक्षिका म्हणून नालायक.

"आणि ठेवलंच बोट तर?"

"वाईट वाटेल."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी पहिला तास असतो माझा."

समजूत सैल झाली म्हणून वह्या कमी होत नाहीत. शेरे आवरते घ्या म्हटल्यावर "पालक काय म्हणतील" हे आलंच. तेव्हा मी त्यांना संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास सांगितला. त्यात काही मुलांना फक्त मार्क मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. शेऱ्याला मार्क जोडले की त्याचा फायदा जवळजवळ पुसला गेला. म्हणजे एकवीस तासांची ती लाल अक्षरं मुलांपर्यंत पोचतच नव्हती. आता बाई एका निबंधात एकच गोष्ट धरतात, समजा परिच्छेदांची बांधणी, आणि तेवढ्यावर दोन ओळी लिहितात. मुलं वर्गातच एक परिच्छेद नव्याने लिहितात, मार्क त्यानंतर कळतात. कशाला किती मार्क, याचा तक्ता सत्राच्या सुरुवातीलाच पालकांकडे जातो.

पालकही माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांनाही सांगते. १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीचा एकच पेपर शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतला. मार्क पडले ६४ पासून ९८ पर्यंत. निबंधाचे मार्क म्हणजे सोनाराच्या काट्यावरचं वजन नव्हे, अर्ध्या मार्काचा हिशेब कुणीच चोख देऊ शकणार नाही. बेरीज चुकली असेल, उत्तर तपासायचं राहिलं असेल तर जरूर विचारा, तो तुमचा हक्कच आहे. एरवी 'पुढच्या वेळी याने नेमकं काय वेगळं करावं?' एवढं विचारा. तेही शक्यतो मुलालाच विचारू द्या. बहुतेक पालक भांडायला आलेले नसतात, आपलं मूल मागे पडेल या धास्तीने आलेले असतात. शिक्षकांनी ती धास्ती ओळखली तर उत्तर आपोआप आखूड होतं.

त्या वडिलांचे मेसेज अजूनही रात्रीच येतात. बाई सकाळी शाळेत पोचल्यावर दोन ओळींत उत्तर देतात. चाचण्यांची संख्या कमी करा, असा अर्जही त्यांनी मुख्याध्यापकांना दिलाय, कारण १६० हा आकडा काही समुपदेशनाने बदलत नाही. त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.