न्यूयॉर्कमध्ये उत्तम पास्त्रामी सँडविच कुठे मिळेल?

पास्त्रामी म्हणजे मसाला लावून, धूर देऊन शिजवलेलं मांस. पहिल्यांदाच खाणार असाल तर डोळे झाकून कॅट्झ डेलिकेटेसन (थोडक्यात 'डेली', म्हणजे तयार मांस आणि सँडविचचं हॉटेल) गाठा. ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीट आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे, १८८८ पासूनचं. एफ ट्रेनने सेकंड अॅव्हेन्यूला उतरलात की चालत पाच मिनिटं.

दारात हातात एक तिकीट देतात. ते जपून ठेवा, हरवलं तर जादा पैसे पडतात. टेबलावर वेटर येतो, पण तिथे बसू नका, थेट काउंटरवर जा. कापणारा वाफाळता तुकडा काढून सुरीने जाडसर काप करतो आणि एक काप तुम्हाला चाखायला देतो. कडेला मिरी-धण्याचा काळा थर, आत गुलाबी, मऊसूत मांस. तेव्हाच सांगा, "जूसी", म्हणजे चरबीचा भाग मिळतो. चव तिथेच आहे! राय या धान्याचा ब्रेड आणि मोहरीचा सॉस, बस्स. मेयोनीज कृपा करून मागू नका. सँडविच महाग आहे, पण एकात दोघांचं पोट भरतं.

दुपारी रांग फार असते, सकाळी लवकर जा.

कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे बनवलेलं) हवं असेल तर ईस्ट ३३ व्या रस्त्यावरचं सेकंड अॅव्हेन्यू डेली (नाव जुन्या जागेवरून राहिलंय). कॅट्झ कोशर नाही. कार्नेगी डेलीचं नाव जुन्या याद्यांत दिसेल, पण ते मॅनहॅटनमधलं हॉटेल २०१६ च्या शेवटी बंद झालं.

आणि हो, पास्त्रामी गोमांसाची असते. खात नसाल तर आधी विचारून टर्कीची घ्या.