‘होतो का’ आणि ‘होईल का’

अनेक आशीर्वाद.

गुडघेदुखीच्या रुग्णांना विचारायच्या प्रश्नावलीचा हो ची मिन्ह सिटीहून पाठवलेला मसुदा मिळाला. तुझ्या सहकाऱ्यांचं व्हिएतनामी भाषांतर मला वाचता येत नाही, म्हणून त्याचं उलट इंग्रजी भाषांतर दोनदा वाचलं. एक जागा सोडली, तर मूळ प्रश्नावलीशी ते इतकं तंतोतंत जुळतंय की मला काळजीच वाटायला लागली.

शब्द गेले तसे परत आले, एवढंच त्यावरून कळतं. बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न व्हिएतनामीत जाऊन सुखरूप इंग्रजीत परतेल. पण ज्या आजींच्या घरी टब कधी नव्हताच, त्या खूण कुठे करणार? बहुतेक वेळा ‘काहीच अडचण नाही’वर. नसलेल्या टबाची अडचण कशी असेल?

तू निवडलेली लोअर एक्स्ट्रिमिटी फंक्शनल स्केल, म्हणजे पाय रोजच्या कामात किती साथ देतो ते मोजणारी ही प्रश्नावली, १९९९ साली उत्तर अमेरिकेत छापली गेली. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरीज ८०. गुण जास्त तितका पाय बरा. त्यातले ‘दोन ब्लॉक’ त्या शहरांचेच आहेत. सायगावच्या, म्हणजे तुझ्या हो ची मिन्ह सिटीच्याच, हेममध्ये, गल्लीतून फुटणाऱ्या गल्लीत, दोन ब्लॉक मोजायचे कुठून? तिथे सरळ मीटर लिहा, समितीत आकडा एकदा ठरवा आणि का ठरवला तेही नोंदवून ठेवा. मैलाचं सोपं आहे, सुमारे १.६ किलोमीटर.

गाडीत बसण्या-उतरण्याऐवजी मोटारसायकल घालावी, असं तू सुचवलं आहेस. मोह मला कळतो, तिथे सगळं घरदार दुचाकीवरच फिरतं. पण मोटारीत शिरताना गुडघा वाकवून खाली बसावं लागतं. दुचाकीवर एका पायावर तोल सांभाळून दुसरा पलीकडे टाकावा लागतो. गुडघ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत. या मोजपट्टीवर साधारण ९ गुणांचा फरक पडला तर रुग्णात खरा बदल झाला असं मानतात. तू असे तीन प्रश्न बदललेस, तर १२ गुण हलू शकतात. मग तुझे आकडे दुसऱ्या देशाच्या आकड्यांशेजारी ठेवायचे कसे? बदलायचं तर बदल, पण त्याआधी तो प्रश्न गुडघ्याकडून नेमकं काय मागतो ते लिहून काढ.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मूळ प्रश्न विचारतो, आज हे करताना तुम्हाला अडचण येते का, *किंवा केलंत तर येईल का*. हा ‘येईल का’ तुझ्या उलट भाषांतरात कुठेच दिसला नाही. इंग्रजी आणि मराठी क्रियापद रूप बदलून ‘जर-तर’ दाखवतं. व्हिएतनामी क्रियापद जागचं हलत नाही. तिथे ‘जर’साठी ‘नेउ’सारखा शब्द मुद्दाम घालावा लागतो. तो गळला तर व्याकरण कुठेच खटकत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तिथलं उभं, अरुंद घर डोळ्यांसमोर आण. गुडघे दुखायला लागले की आजींची खाट तळमजल्यावर येते. त्या जिना चढतच नाहीत. ‘दहा पायऱ्या चढताना अडचण येते का?’ ‘नाही.’ पैकीच्या पैकी ४ गुण! आमच्या मराठी प्रश्नावलीच्या वेळी एका आजींनी मला हेच उत्तर दिलं होतं, आणि मी ते निमूटपणे टिपून घेतलं होतं. आजही आठवलं की ओशाळायला होतं.

उकिडवं बसण्याचा प्रश्नही तपास. ‘ङोय सोम’ म्हणजे टाचा टेकवून पूर्ण खाली बसणं, बाजारात भाजी निवडत बसतात तसं. इंग्रजी शब्दात अर्धवट वाकणंही मावतं. दोन्हींत फार अंतर आहे, हे तुला-मला सांगायला नको.

संबोधनाबद्दल विचारलंस. तिथे ‘तुम्ही’ला एक सरसकट शब्द नाही, वय बघून आजी, काकू, ताई म्हणावं लागतं. छापील कागदावर ‘ओंग/बा’, म्हणजे आजोबा/आजी, ठेव. तोंडी विचारणाऱ्याला संबोधन बदलू दे, प्रश्न नाही. आणि एक मसुदा हनोईतही दाखव. तिकडे ‘ओम’ म्हणजे आजारी, सायगावात बारीक. असा एखादा शब्द आपल्याही कागदात लपलेला असू शकतो.

पूर्वचाचणीला ३० ते ४० रुग्ण घेतात, तेवढे घे. पण नुसत्या खुणा गोळा करू नकोस. वडीलधारी माणसं ‘खोंग साओ’ म्हणतील, म्हणजे ‘काही नाही हो’, आणि शेजारी बसलेली लेक परस्पर उत्तर देईल. लेकीला चहाला पाठव. मग विचार, ‘हे शेवटचं कधी केलंत? कसं केलंत?’ फेरचाचणीचे, म्हणजे त्याच रुग्णांना तेच प्रश्न पुन्हा विचारण्याआधीचे, एक-दोन आठवडे तेतच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणावर येऊ देऊ नकोस. घर झाडून-पुसून झालेला गुडघा आधीचा राहत नाही.

क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, चांगला येईल, त्याची चिंता नको. सगळ्यांनी प्रश्न एकाच पद्धतीने चुकीचा समजून घेतला तरी तो चांगलाच येतो. आकडे मागाहून पाहू. आधी पहिल्या पाच मुलाखती शब्दशः उतरवून पाठव, आणि जिन्याच्या प्रश्नाला प्रत्येकाने काय म्हटलं त्याखाली रेघ ओढ.