मुंबईहून वाघ पाहायला : वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की वाघाविषयीची पत्रे वाढतात, आणि बहुतेक पत्रांचा मजकूर एकच असतो : वेळ थोडा आहे, एका दिवसात काय साधेल? या वेळी त्यांतील काही प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलुंडला राहतो. शनिवारी रात्री निघून रविवारी वाघ पाहावा आणि सोमवारी कामावर हजर व्हावे, असे जमेल का?

जमते, परंतु त्या रविवारात आपल्या हाती एकच सफारी लागेल. मुंबईहून रात्री सुटणारी दुरांतो सकाळी सातनंतर नागपूरला पोचते. विदर्भातील जंगलांची दारे मात्र ऋतूप्रमाणे पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास उघडतात, त्यामुळे आपण नागपूर स्थानकावर उतराल तेव्हा सकाळच्या फेरीच्या जिप्सी गाड्या केव्हाच आत गेलेल्या असतील. उरते ती दुपारची फेरी, जी ऋतूप्रमाणे दोन ते तीनच्या सुमारास सुरू होऊन दिवस मावळेपर्यंत चालते. ती संपवून त्याच रात्रीची मुंबईची गाडी पकडायची, तर ताडोबाचा विचार सोडून द्यावा लागतो. नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातून परतताना ती गाडी जेमतेम गाठता येते, तीही वाटेत टायर पंक्चर झाला नाही तर. ज्या फेरीत सगळे लक्ष घड्याळाकडे लागलेले असते, त्या फेरीत जंगल दिसत नाही, म्हणून हा बेत मी कोणाला सुचवत नाही.

शनिवारी सुटी असेल तर शुक्रवारी रात्रीच निघावे. शनिवारी दुपारची फेरी, रात्री गेटजवळच्या गावात मुक्काम, रविवारी पहाटेची फेरी आणि रात्रीची परतीची गाडी, असा हिशोब बसतो आणि रजाही पडत नाही. या लागोपाठच्या दोन फेऱ्यांचा खरा लाभ वेगळाच आहे. संध्याकाळी वाघीण कोणत्या नाल्यात उतरली, तिने शिकार केली होती काय, हे गाइडला ठाऊक असते आणि पहाटेची सुरुवात तेथूनच करता येते. दोन वेगवेगळ्या जंगलांत एकेक फेरी करण्यापेक्षा एकाच गेटमधून दोन फेऱ्या करणे मी नेहमीच अधिक पसंत करतो.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचे अंतर साधारण आठ तासांत कापता येते, आणि अनेक जण रात्रभर गाडी चालवून थेट गेटवर येतात. कृपया असे करू नका. सरळसोट रस्त्यावर पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळा लागतो. शिवाय रात्रभर जागलेला माणूस जिप्सीत बसल्या बसल्या पेंगतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

प्रश्न : ताडोबा, पेंच की उमरेड? आणि कोअरचे आरक्षण संपले असेल तर बफरमध्ये जाण्यात अर्थ आहे का? (डोंबिवलीहून एक शिक्षिका)

२०२२ च्या व्याघ्रगणनेत देशात ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला आणि त्यांतील ४४४ महाराष्ट्रात होते. राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत, पण पहिल्यांदाच आणि एकदाच जाणाऱ्यासाठी माझे उत्तर ताडोबा हेच आहे. १९५५ साली जाहीर झालेले हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान असून १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. साग आणि बांबूचे पानझडी रान, जागोजागी पाणवठे आणि चितळ-सांबरांची विपुलता यांमुळे येथे वाघांची संख्या चांगली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाहने पाहत वाढल्यामुळे येथील वाघ रस्त्यावरून निवांत चालत येतात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी आणि पांगडी ही कोअरची प्रवेशद्वारे. नागपूरहून येणाऱ्याला कोलारा आणि नवेगाव जवळ पडतात, तर चंद्रपूरला उतरणाऱ्याला मोहर्ली सोयीचे. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी : ताडोबा मंगळवारी बंद असतो.

बफरविषयी लोकांच्या मनात अकारण कमीपणा आहे. कोअर म्हणजे गाभा क्षेत्र आणि बफर म्हणजे त्याच्या भोवतीचा, गावे आणि शेती सामावून घेणारा पट्टा. नकाशावरची ही रेघ वाघ पाळत नाही. आईपासून वेगळे झालेले, दोन वर्षांच्या आसपासचे तरुण वाघ स्वतःचे क्षेत्र शोधत बाहेर पडतात, तेव्हा ते बफरमध्येच येतात. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, मदनापूर या गेटांमधून मला मिळालेले दर्शन कोअरपेक्षा कमी मोलाचे नव्हते. कोअरचे शुल्क परवडत नसेल किंवा आरक्षण मिळत नसेल, तर निःशंक मनाने बफर घ्या.

पेंचचे सिल्लारी गेट नागपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. तेथील जंगल ताडोबापेक्षा अधिक मोकळे, चढउतारांचे आणि माझ्या मते अधिक देखणे आहे, पण वाघ दिसण्याची खात्री तुलनेने कमी. वर्धा जिल्ह्यातील बोर हा देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून गर्दी टाळणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प नकाशावर मुंबईला सर्वांत जवळचा दिसतो, परंतु तेथे वाघ अगदी मोजके आहेत. कोयना-चांदोलीचे रान पाहायला जा, वाघाच्या अपेक्षेने जाऊ नका.

राजस्थानातील रणथंभोरविषयीही या शिक्षिकांनी विचारले आहे. सवाई माधोपूर हे मुंबई–दिल्ली लोहमार्गावरील स्थानक आहे आणि उद्यान तेथून अगदी जवळ आहे, म्हणून स्थानकावर उतरल्यावर पुन्हा लांबच्या रस्त्याची दगदग नको असणाऱ्यांना तो पर्याय खरोखर सोपा पडतो.

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे आणि माझे गुडघे दुखतात, त्यामुळे लांबचा प्रवास नको वाटतो. बोरिवलीच्या उद्यानातील सफारीत दिसणारा वाघ खरा समजावा का? (गिरगावातील एक आजी)

आजी, वाघ खराच आहे, पण तो मोकळा नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात वाघ ठेवलेले असतात आणि जाळी लावलेल्या बसमधून ते दाखवले जातात. त्यांना खाणे वेळेवर मिळते, शिकार करावी लागत नाही. गुडघ्यांना त्रास न होता नातवाला वाघाचा आकार, त्याचे पट्टे, त्याचे चालणे जवळून दाखवायचे असेल तर ही सफारी चांगली आहे. सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असते.

नातवाला एवढे मात्र जरूर सांगा की याच उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलात कुंपणाबाहेर बिबटे राहतात, ते कोणाचेही पाळलेले नाहीत आणि रात्री ते इमारतींच्या आसपासही येऊन जातात. एवढ्या दाट वस्तीच्या महानगरात हे घडते, याचे मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटते. मुलाला ते अधिक भावेल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : मे महिन्यात विदर्भात जाणे म्हणजे वेडेपणा, असे घरचे म्हणतात. मग कधी जावे?

घरच्यांचे म्हणणे उन्हाच्या बाबतीत खरे आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. पण नेमक्या त्याच दिवसांत रानातले पाणी आटते, पाने गळून नजर लांबवर जाते आणि वाघ दुपारभर पाणवठ्यात बसून राहतो. वाघ पाहणे हाच हेतू असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर एप्रिल-मे हाच काळ योग्य. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांना नेणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. त्या थंडीत पहाटेच्या उघड्या जिप्सीत हात सुन्न होतात, म्हणून कानटोपी आणि जाड शाल जवळ असू द्यावी. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात कोअर बंद असते. हा वाघांचा प्रजननकाळ असल्याने बंदी असते, असे सर्रास सांगितले जाते, परंतु वाघाची वीण वर्षभर केव्हाही होते. पावसात मातीचे रस्ते खचतात, हे बंदीमागचे मोठे कारण आहे.

प्रश्न : आमच्या गाइडने इतर जिप्सींच्या मागे जाण्यास नकार दिला आणि तासभर एका जागी थांबवून ठेवले. वाघ दिसला नाही. आमचे पैसे वाया गेले, असे आम्हाला वाटते. तक्रार करावी का? (ठाण्यातील एक कुटुंब)

आपला हिरमोड मला समजतो, कारण एवढ्या लांबून येऊन रिकाम्या हाताने परतणे सोपे नसते. तरीही तक्रार करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याला चांगला गाइड मिळाला होता.

वाघ शोधण्याचे काम डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक होते. वाघ चालू लागला की वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखे खेकसते, चितळ तीक्ष्ण आवाज काढते आणि सांबर एकच दणदणीत आवाज देऊन पाय आपटते. गाइड यालाच ‘कॉल’ म्हणतात. चितळ बावरट असते, ते बिबट्याला आणि रानकुत्र्यांनाही ओरडते, म्हणून त्याच्या एकट्याच्या कॉलवर जाणता गाइड धावत नाही. सांबर मात्र वाघाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सहसा ओरडत नाही आणि त्याचा कॉल लागोपाठ येत राहिला तर वाघ जवळपास चालत असल्याचे धरून चालावे. हे ऐकायचे तर इंजिन बंद हवे, आणि इंजिन बंद ठेवायचे तर एका जागी थांबणे भाग आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मीही चालकाला घाई करीत असे. एकदा दूरच्या वळणावर गाड्या जमल्याचे कळताच मी आमची जिप्सी तिकडे पिटाळायला लावली. तेथे दहा-बारा वाहने रस्ता अडवून उभी होती आणि पलीकडे जाऊ पाहणारी वाघीण बांबूच्या कडेला थबकली होती. तिने दोनदा पुढे पाऊल टाकले आणि दोन्ही वेळा ती मागे सरली. तिच्या मागे, गवतात, पिल्लांचे कान दिसत होते. शेवटी ती वळून निघून गेली. त्या गर्दीत आमच्या गाडीची भर मी घातली होती, ही टोचणी अजून गेलेली नाही.

असेच, याहून गंभीर रूपात, ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात घडले. एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. त्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांमध्ये किमान ५० मीटर अंतर राखायचे असते. हे नियम मोडण्यासाठी गाइडवर सर्वाधिक दबाव आणतो तो पर्यटकच, आणि वाघ न दिसल्यास बक्षिशी देणार नाही असे बोलून दाखवतो तोही पर्यटकच.

थांबण्याने काय मिळते, हेही सांगतो. एका मेमध्ये मोहर्लीच्या बाजूला आम्ही एका पाणवठ्यावर चाळीस मिनिटे बसून होतो. बाकीच्या गाड्या कंटाळून निघून गेल्या होत्या. वाघीण आली, तिने पाण्याकडे पाठ केली आणि मागचे पाय आधी टाकत हळूहळू आत शिरली. तोंडावर पाणी उडू नये म्हणून वाघ पुष्कळदा असेच उलटे उतरतात. हनुवटीपर्यंत बुडाल्यावर तिने डोळे मिटले. ती उठून गेल्यावर तिच्या पोटावरून ठिबकलेल्या पाण्याची रेघ धुळीत उमटली होती आणि ती दोन-तीन मिनिटांत आमच्यादेखत वाळून गेली.

प्रश्न : कपडे कोणते घालावेत? मोबाइलने छायाचित्रे काढता येतात का?

मातकट किंवा हिरवे, सुती, पूर्ण बाह्यांचे. भडक आणि पांढरे रंग नकोत, अत्तर नको. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेण्यास मनाई आहे, तो गेटवर किंवा खोलीवर ठेवावा लागतो. कॅमेरा नेता येतो. आरक्षणात ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावे, झेरॉक्स दाखवून आत सोडत नाहीत.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला उघड्या जिप्सीतून नेणे सुरक्षित आहे का? (वसईतील एक आई)

मुलगी शांत बसू शकत असेल तर होय. वाघ जिप्सीकडे आतल्या माणसांसह एकच मोठी वस्तू म्हणून पाहतो. कोणी उभे राहिले, हात बाहेर काढला किंवा खाली उतरले तर ती आकृती मोडते आणि धोका तेथून सुरू होतो. मुलीला दोघांच्या मध्ये बसवा, खाऊ आधीच देऊन ठेवा, आणि वाघ दिसला की बोट न दाखवता कुजबुजायचे, याचा घरीच सराव करून घ्या.

ज्यांना खरा धोका असतो ती माणसे जिप्सीत नसतात. चंद्रपूर जिल्ह्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने गोळा करायला पहाटेच रानात जाणाऱ्या, जमिनीकडे वाकून काम करणाऱ्या बायामाणसांवर वाघाचे हल्ले होतात आणि दरवर्षी माणसे जातात. आपला गाइड आणि चालक त्यांच्याच गावांतले असतात. ताडोबात आता स्त्रियाही गाइड म्हणून काम करतात. फेरी संपली की मुलीला त्यांच्याशी बोलू द्या. त्यांच्या घरची माणसे रानात जाताना काय काळजी घेतात, वाघ समोर आला तर काय करतात, हे तिला विचारू द्या; मुलांनी विचारले की त्या फार मोकळेपणाने सांगतात.