पूर्ण केस नको, फक्त कागद तपासून हवाय

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. फॅमिली कोर्टाने मीडिएशनला (मध्यस्थासमोर बसून तडजोड करायला) पाठवलं, दोन बैठकींत संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं. पुढच्या तारखेला समझोत्यावर सही आहे आणि मला त्यातलं अर्धं कळत नाही. वकील म्हणतात पूर्ण केस द्या, तेवढे पैसे नाहीत. नुसता कागद तपासून देतात का कोणी? मुलगी ७ वर्षांची आहे, फ्लॅटचं लोन दोघांच्या नावावर.

उत्तर: देतात, पण तसं मागावं लागतं. सरळ सांगा, केस चालवायची नाही, तासभर बसून मसुदा वाचा आणि काय बदलायचं ते लिहून द्या, त्याचे किती? आकडा आधीच मेसेजवर घ्या. नुसत्या सल्ल्यासाठी वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला केस चालवायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही लागत नाही. मिळणाऱ्या रकमेत टक्के मागितले तर उठून या, वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. आणि नवऱ्याचा वकील "तुमचंही बघतो" म्हणाला तर नको.

त्याआधी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, १५१०० वर फोन केला तरी चालेल. १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये बायकांना उत्पन्नाची अट नाही, नोकरी असली तरी मोफत वकील मिळतो, नुसता सल्लाही मिळतो.

आता तुमचा कागद. मला सगळ्यात काळजी लोनची वाटते. "फ्लॅट नवऱ्याचा, हप्ते तोच भरेल" एवढं लिहून बायका निर्धास्त होतात, पण बँक त्या समझोत्याला बांधलेली नाही, तुमचं नाव लोनवर असेपर्यंत हप्ता थकला की फोन तुम्हालाच येणार. म्हणून बँकेतून नाव कधीपर्यंत काढणार ती तारीख आणि नाही काढलं तर काय, हे दोन्ही त्यात पाहिजे. दागिने एकेक करून लिहा, "स्त्रीधन मिळाले" अशा एका ओळीवर सही नको, बांगड्या अजून सासूबाईंच्या लॉकरमध्ये असतील तर तसंच लिहा. मुलीचा खर्च तुमच्या रकमेत मिसळू नका, तो तिचा हक्क आहे, तुम्ही सोडून दिला म्हणून संपत नाही. शाळेची फी, सुट्ट्यांत कोणाकडे, सगळं स्पष्ट हवं.

संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये जे ६ महिने थांबावं लागतं त्याचं विचाराल तर २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे न्यायाधीश ते माफ करू शकतात, करतीलच असं नाही.

तारखेला मीडिएटरना म्हणा, वाचून घ्यायला वेळ हवा, मसुद्याची कॉपी द्या. लाजू नका, मीडिएशन तुमच्या मर्जीनेच चालतं, त्या दिवशी सही केलीच पाहिजे असं काही नाही.