वाचक विचारतात : बाळाची दिवसाची मोठी झोप रात्री कशी आणायची?

प्रश्न : मुलगी सात आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हा २.९ किलो होती, आता ४.१ आहे. फक्त अंगावर पिते. दिवसा दर तासाला मागते, पाच-सात मिनिटं ओढते आणि तोंडात धरूनच झोपते. सकाळी मालीश-आंघोळ झाली की मात्र चार तास गाढ. रात्री अकरा ते तीन टक्क जागी. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. मैत्रीण म्हणते, घड्याळ लावून तीन तासांनीच पाज. कोणाचं ऐकू? (एक आई, सांगली)

उत्तर : आधी वजन बघू. ४९ दिवसांत १२०० ग्रॅम, म्हणजे रोज सरासरी २४ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली समजतात. शिवाय सुरुवातीला बाळाचं वजन उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत परत जन्माच्या आकड्यावर येतं. ते दिवस वगळले तर खरी वाढ याहून चांगली आहे. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि लघवी फिकट असेल, तर दूध पुरतं आहे. वरचं दूध नको. सासूबाईंना हाच हिशेब दाखवा. त्यांची काळजी खरी आहे, फक्त कारण दुसरीकडे आहे.

पहिलं कारण सकाळची झोप. तेल, ऊन पाणी आणि वर घट्ट गुंडाळलेलं दुपटं. या तिन्हींनी बाळ असं गुंगतं की एक-दोन वेळचं पिणं बुडतं आणि ते रात्री वसूल होतं. म्हणून आंघोळीनंतर दोन-अडीच तासांनी तिला उठवा. ‘झोपलेल्या बाळाला उठवू नये’ हे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतं, पण रात्र-दिवस उलटे झालेल्या बाळाला दिवसा उठवावंच लागतं. दुपटं सोडा, तळपाय मोकळे करा, लंगोट बदला, पडदा सरकवा. अर्धवट जागी असली तरी छातीशी घ्या. मालीशवाल्या मावशी सकाळीच येणार असतील तर येऊ द्या. संध्याकाळी सातच्या सुमारास कोमट पाण्यात पंचा बुडवून अंग पुसून घ्या, म्हणजे ती सुस्ती रात्रीच्या वाट्याला येईल. धुरी मात्र बंद करा. त्या धुराचा बाळाच्या श्वासनलिकेला त्रासच होतो.

दुसरं कारण अर्धं पोट. पाजताना तिच्या कानाजवळचा जबडा बघा. आधी भराभर चोखते, मग पान्हा आला की हनुवटी खोल जाते, क्षणभर थांबते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. तीन-चार मिनिटांनी ओठ नुसते थरथरू लागले, गिळणं थांबलं, की अंगठा वर आणि चार बोटं खाली असा स्तन हातात धरा. बोटं काळ्या भागापासून लांब ठेवून हलकेच दाबून धरा. ती पुन्हा गिळू लागेल. थांबली की हात सैल करा आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबा. दुखेल इतकं दाबायचं नाही. याने काही होईनासं झालं की करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवा, ढेकर काढा, लंगोट बदला आणि दुसऱ्या बाजूला घ्या. स्तन रिकामा होत जातो तसं दूध अधिक स्निग्ध होतं, म्हणून एक बाजू नीट पिऊ द्यावी. पुढच्या वेळी दुसऱ्या, कमी प्यायलेल्या बाजूने सुरुवात करा.

घड्याळाचे तीन तास या वयात नकोत. स्तन भरलेला राहिला की शरीर दूध तयार करणं कमी करतं. असं आठवडाभर ताणलं तर आज पुरेसं असलेलं दूध खरंच कमी पडेल. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं अजून रास्तच आहे. दिवसा एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत दोन-अडीच तास जमले तरी भरपूर झालं. संध्याकाळी सहा ते दहा ती तासातासाला मागेल. तेव्हा हात आखडू नका.

पोटभर पिऊन पाऊण तासात किरकिर करू लागली तर मात्र लगेच पदराखाली घेऊ नका. आधी बघा : डोकं वळवून तोंड उघडते, मूठ चोखते? मग भूक आहे, रडण्याची वाट न पाहता पाजा. जांभई देते, नजर चुकवते? मग झोप आली आहे. या वयात तास-दीड तासापेक्षा जास्त जागं राहणं झेपत नाही, आणि फार दमलेलं बाळ पीतही नाही आणि झोपतही नाही.

रात्री मंद दिवा, बोलणं नाही, मोबाइल नाही, शी असेल तरच लंगोट. दिवसा उलट : उजेडात आणि घरातल्या आवाजात झोपू द्या. दिवस-रात्रीचं शरीराचं घड्याळ दोन-तीन महिन्यांच्या सुमारास लागतं, त्याला हीच मदत. आणि एक गोष्ट. लहान बाळ झोपेत कण्हतं, हातपाय झाडतं, तोंडं करतं, डोळे मात्र मिटलेले असतात. ती जाग नव्हे. मिनिट-दोन मिनिटं थांबा. उचललंत तर तुम्हीच तिला उठवलंत. तीन महिन्यांच्या आसपास बरीच बाळं रात्री सलग चार-पाच तास झोपू लागतात, काहींना जास्त वेळ लागतो.

लंगोट सहापेक्षा कमी, बाळ मलूल, पिण्यासाठी उठवूनही उठत नाही, उलटी हिरवी, किंवा ताप १००.४ फॅरनहाइट आणि वर, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर.

प्रश्न : आम्ही मुलांना गुटीत जायफळ द्यायचो, मुलं शांत झोपायची. नातू तीन महिन्यांचा आहे, सून नको म्हणते. रात्रीच्या बाटलीत थोडी तांदळाची पेज घातली तर? (एक आजी, नागपूर)

उत्तर : आजी, सून बरोबर सांगते. सहाणेवर जायफळाचे दोन वळसे म्हणजे नक्की किती, हे कुणालाच सांगता येत नाही. जायफळाचा कस, हाताचा जोर आणि सहाणेचा खरखरीतपणा दरवेळी वेगळा. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि गुंगीतलं बाळ भूक लागली तरी उठत नाही. गुटीतला मध तर वर्षभर जिभेला लावू नये. त्यात बोट्युलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. पेजेने झोप लांबत नाही, उलट ठसका लागण्याचा धोका असतो. सहा महिन्यांपर्यंत दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको.

व्हिटॅमिन डीचे थेंब तेवढे रोज द्यायचे, ४०० युनिट. बाटलीवरचा आकडा वाचा : काहींत एका मिलीत ४०० असतात, काहींत ८००. आणि संध्याकाळचे ते किरकिरीचे दोन तास नातवाला मांडीवर घेऊन थोपटत, गुणगुणत बसलात, तर सुनेला सलग झोप मिळेल. घरात ते तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही.

प्रश्न : रात्री पाजण्याची एक पाळी मी घेऊ शकतो का? बाळ दीड महिन्याचं आहे. (एक बाबा, फोंडा)

उत्तर : हो. पिणं सुरळीत झालं असेल तर आता काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येईल. दूध फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, आणि चोवीस तासांत वापरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवून गरम करा. उरलेलं टाकून द्या. मात्र ज्या वेळी तुम्ही पाजाल त्या वेळी आईने, स्तन भरून दुखण्याआधी, दूध काढायला हवं. तेही नको असेल तर ढेकर आणि लंगोट पूर्ण तुमच्याकडे घ्या. एवढ्यानेही तिची प्रत्येक खेपेची वीस मिनिटं वाचतात.

प्रश्न : मुलगा पाच महिन्यांचा. झोळीशिवाय झोपत नाही आणि पाऊण तासाने उठतो. महिन्याभरात मला कामावर जायचं आहे. (एक आई, ठाणे)

उत्तर : बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं. चक्र संपताना सगळेच थोडे जागे होतात. चार महिन्यांनंतर ती जाग ठळक होते आणि तो बघतो, तर झोका थांबलेला. झोपताना जे होतं ते त्याला परत हवं असतं.

एकदम झोळी काढू नका. फक्त रात्रीच्या पहिल्या झोपेपासून सुरुवात करा, दुपारची सगळ्यात शेवटी. पहिले तीन दिवस झोका नेहमीसारखा, पण डोळे मिटायच्या आत थांबवा. पुढचे तीन दिवस झोका निम्मा, हात छातीवर. मग जमिनीवर टणक गादी घालून त्याला जागेपणीच पाठीवर ठेवा आणि थोपटा. रडला तर उचला, शांत झाला की परत ठेवा. पहिल्या रात्री वीस-पंचवीस वेळा उचलावं लागेल. तिसऱ्या-चौथ्या रात्री बरेचदा फरक दिसतो. मध्येच सर्दी किंवा लस आली तर चार दिवस थांबा. दूध झोपेच्या अर्धा तास आधी संपवा, म्हणजे दूध आणि झोप यांची गाठ सुटेल. या वयात रात्री एक-दोनदा दूध लागणं साहजिक आहे, ते बंद करू नका.

दोन गोष्टी आजच बदला. झोळीत बाळ वाकडं होऊन हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो. झोप लागली की सपाट गादीवर काढून ठेवा. आणि आता तो कुशीवर वळायला लागला असेल, तेव्हा दुपट्यात गुंडाळणं बंद. मोहरीची उशी, गोधडी, मऊ खेळणी हेही त्याच्या गादीवरून उचला.