एक्स-रेमध्ये दिसलेले हाड आणि मानेचे दुखणे

प्रश्न : माझे वय ५२ असून मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. सहा महिन्यांपासून मान अवघडते आणि दुखणे उजव्या खांद्यापर्यंत उतरते. एक्स-रे काढल्यावर ‘मणक्यांतील गॅप कमी झाली आहे, हाड वाढले आहे’ असे सांगण्यात आले, तेव्हापासून चार महिने मी कॉलर लावतो. केस कापताना मान मोडून घेतो, त्याने दोन दिवस बरे वाटते. वाढलेले हाड औषधाने विरघळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हाड विरघळणार नाही, आणि तसे होण्याची आपल्याला बहुधा गरजही नाही. मणक्यांमधल्या गाद्यांमधील पाणी वयानुसार कमी होते, त्या चपट्या होतात आणि कडेने हाडाची टोके वाढतात. पन्नाशीनंतर काढलेल्या मानेच्या बहुतेक एक्स-रेंत हे दिसतेच, मग त्या माणसाची मान दुखत असो वा नसो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या असतात. मानेचीही गोष्ट फारशी निराळी नाही. म्हणून अहवालातील शब्दांपेक्षा मान केव्हा दुखते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आपण चष्म्याविषयी काही लिहिलेले नाही, पण आपल्या वयात तो बहुधा दुहेरी भिंगाचा असतो. अशा चष्म्याच्या खालच्या भागातून संगणकाचा पडदा वाचायचा, तर हनुवटी वर उचलून मान मागे टाकावी लागते, आणि दिवसभर हे करणाऱ्याला संध्याकाळी मान का धरली याचा पत्ता लागत नाही. पडदा थोडा खाली घ्यावा किंवा संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. माझ्याकडे येणाऱ्या कारकून मंडळींपैकी काहींना एवढ्यानेच निम्मा आराम पडला आहे. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते, आणि मान पुढे किंवा मागे कलली की ते तोलण्यासाठी स्नायूंना सतत ताणून राहावे लागते. तेव्हा अर्ध्या तासाने एकदा खुर्चीतून उठावे, आणि दिवसातून तीन-चार वेळा नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे नेऊन पाच सेकंद धरावी, असे दहा वेळा करावे. शेक घेण्यास हरकत नाही.

कॉलर चार-आठ दिवसांपुरती ठीक असते. चार महिने लावल्यावर मानेचे स्नायू काम विसरतात, म्हणून रोज थोडा वेळ कमी करत ती दोन आठवड्यांत सोडून द्यावी. मान मोडून घेणे मात्र आजपासून बंद करावे. झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळा असली तरी दोन दिवसांच्या आरामासाठी हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

हाताची पकड सैल पडणे, शर्टाची बटणे लावताना बोटे न वळणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काही जाणवल्यास मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा वेळी व्यायाम थांबवून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : गॅसचे सिलिंडर सरकवताना माझ्या कमरेत उसण भरली. सासूबाई म्हणतात की तीन आठवडे जमिनीवर चटई टाकून निजून राहा. ते योग्य आहे का? (वय ३४)
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, पण उपाय जुना झाला आहे. एखादा दिवस पडून राहावे, मग दुखणे सोसेल तेवढे घरात चालावे-फिरावे, कारण निजून राहणाऱ्यांपेक्षा हिंडते-फिरते लोक लवकर बरे होतात. बहुतेक उसणी सहा आठवड्यांच्या आत पुष्कळशा ओसरतात. कठीण अंथरुणाचेही फार कौतुक नको. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम मिळाला होता. वेदनाशामक गोळ्या आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि पाठीचे दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, सोबत बारीक ताप व वजनात घट असेल, तर आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही आढळतो, त्याची तपासणी करून घ्यावी. हे दुखणे उसण समजून महिनोन्‌महिने शेकत बसणारे रुग्ण मी पाहिले आहेत.